झेवियर म्हणजे ‘नवं घर’: एका आडनावाचा नवारे ते गोवा प्रवास

(ज्यांना ट्रेनमध्ये हेडफोन विसरल्यामुळे ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच.)

आज सुरुवातीलाच तुम्हाला एक कोडं घालतो.

२०१० चा फुटबॉल वर्ल्ड कप आठवा. जोहान्सबर्ग, ११ जुलै, स्पेन विरुद्ध नेदरलँड्स. मी तेव्हा शाळेत होतो आणि दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला सरळ झोपलो होतो. स्पेनच्या त्या २३ जणांच्या संघात आठ नंबरचा चावी होता, चौदा नंबरचा चाबी अलोन्सो होता आणि वीस नंबरचा खावी मार्तिनेझ होता. चावी, चाबी, खावी. कोडं असं, की या तिघांमध्ये काय सारखं आहे?

उत्तर: तिघांचं नाव एकच आहे. एक कॅटलन, एक बास्क आणि एक स्पॅनिश, एवढाच फरक. आणि हे नाव मुळात माणसाचं नव्हतंच. ते होतं एका जागेचं, त्याच्याही आधी एका घराचं. हेच नाव आपल्याकडे मुंबईत धोबी तलावला कॉलेजच्या कमानीवर आहे, जुन्या गोव्यात चर्चमध्ये आहे आणि एक्स-मेनच्या त्या टकल्या प्रोफेसरच्या व्हीलचेअरवर आहे. झेवियर.

आजचा भाग त्या नावावर. पण मी यात कसा घुसलो ते आधी सांगतो, कारण चूक माझीच होती.

एक बग आणि दोन आडनावं

दोन वर्षांपूर्वी मी एका प्रोजेक्टवर होतो. क्लायंट युरोपातला. रजिस्ट्रेशनचा फॉर्म माझ्याकडे होता. फॉर्म म्हणजे काय, आपल्याला सवयीचंच: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. आडनावाच्या रकान्यात मी कडक व्हॅलिडेशन टाकलं होतं. मधे स्पेस चालणार नाही, जास्तीत जास्त वीस अक्षरं. कोड रिव्ह्यूमध्येही कुणी काही बोललं नाही. आपल्या डोक्यात आडनाव म्हणजे एक शब्द, विषय संपला.

लाइव्ह गेल्यावर तिकीट आलं. स्पेनमधल्या एका बाईंना फॉर्म पुढेच जाऊ देत नव्हता. त्यांना दोन आडनावं होती आणि दोन्ही लांबलचक. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. बाईचं आडनाव लग्नानंतर बदलत नाही. जन्माला आली तेव्हा जे होतं, तेच शेवटपर्यंत. त्यांच्या दोनपैकी एक आडनाव होतं एचेबेर्रिया.

फिक्स करायला दहा मिनिटं लागली. पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. मग नेहमीप्रमाणे रात्री दोनला मी कुठल्या कुठे पोहोचलो होतो.

एचे म्हणजे घर, बेर्री म्हणजे नवं

बास्क लोक राहतात स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर, पिरनीज डोंगराच्या पश्चिम टोकाला. त्यांच्या भाषेचं युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याही जिवंत भाषेशी नातं लागत नाही. स्पॅनिश, फ्रेंच, अगदी मराठीसुद्धा एका मोठ्या भाषाकुळातल्या लांबच्या बहिणी आहेत. बास्क त्या कुळातच नाही.

या भाषेत ‘एचे’ म्हणजे घर, ‘बेर्री’ म्हणजे नवं, आणि शेवटी ‘आ’ लावला की ‘ते अमुक’. म्हणून एचेबेर्रिया म्हणजे ‘ते नवं घर’. आपल्याकडे नवघर नावाची गावं आहेत, मुलुंडला आहे, वसईला आहे, उरणलाही आहे. नवघरे आडनावाची माणसंही आहेत. अगदी तोच प्रकार.

आता बघा, स्पेनच्या इतर भागात बरीचशी आडनावं बापाच्या नावावरून आली. फर्नांदोचा तो फर्नांदेझ, रोद्रिगोचा तो रोद्रिगेझ. बास्क प्रदेशात मात्र माणसाची ओळख बापापेक्षा घरावरून जास्त. प्रत्येक शेतघराला नाव असायचं: नवं घर, गिरणीजवळचं घर, वरच्या अंगाचं घर. त्या घरात जो राहील तो त्या नावाने ओळखला जायचा. कधीकधी जावई घरात आला तर त्यालाही बायकोच्या घराचं नाव चिकटायचं. चर्चमध्ये बसायची आणि पुरायची जागासुद्धा घराच्या नावाने ठरलेली असायची. म्हणजे माणसं येतात-जातात, घर कायम. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की घर होती, माणूस नुसती एक एंट्री.

आणि नवं घर तर कुठल्याही गावात कुणी ना कुणी बांधतंच. म्हणून जगभरातले सगळे एचेबेर्रिया एकाच पूर्वजाचे वंशज असण्याचं काही कारण नाही. आपल्याकडच्या दोन पाटलांना एकमेकांचे नातेवाईक समजण्यासारखं ते होईल.

खाविएरचा किल्ला

यातल्याच एका ‘नव्या घराची’ गोष्ट वेगळी झाली. नवारे हे तेव्हा स्वतंत्र राज्य होतं, राजधानी पाम्प्लोना. तिथून पूर्वेला, अरागॉनच्या हद्दीला लागून एक छोटं गाव आहे. त्याचं नाव मुळात एचेबेर्रीच. पण त्या भागात बास्कच्या शेजारी लॅटिनमधून आलेली बोली बोलली जायची, आणि त्या तोंडांनी शब्द घासला. सुरुवातीचा ‘ए’ गळला, ‘बेर्री’चं ‘बिएर’ झालं. एचेबेर्रीचं झालं शाबिएर, शाविएर. शेजारच्या अरागॉनमध्ये खाविएरेगाय, खाविएरेलात्रे अशी गावं आजही आहेत. तीही मुळात ‘नवी घरं’च.

त्या गावात एक किल्ला होता, आणि त्या किल्ल्यात ७ एप्रिल १५०६ ला एक मुलगा जन्मला. फ्रान्सिस्को, घरातलं शेंडेफळ.

आता त्याच्या घरातली आडनावं ऐका. वडील हुआन दे खासो. खासो हेही एका गावाचं नाव, जे आज फ्रान्समध्ये आहे. आई मारिया दे आस्पिलिक्वेता. तेही नवारेतल्या बास्तान खोऱ्यातलं एक गाव. (हो, चेल्सीचा कॅप्टन आस्पिलिक्वेता! २०२१ ची चॅम्पियन्स लीग उचलणारा. तोही नवारेचाच. इंग्लंडमध्ये लोकांना नाव उच्चारता येईना म्हणून त्याला सरळ ‘डेव्ह’ म्हणायला लागले.) एका भावाचं नाव मिगेल दे खाविएर, दुसऱ्याचं हुआन दे आस्पिलिक्वेता. सख्खे भाऊ, एकाच आईबापाची मुलं, पण आडनावं वेगळी! आजच्या कुठल्याही केवायसीमध्ये हे कुटुंब नापास झालं असतं. तेव्हा मात्र कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. कुणी कुठल्या घराचं नाव पुढे चालवायचं, हा घरातला मामला होता. स्पेनमध्ये दोन आडनावांची पद्धत सरकारी दप्तरात पक्की झाली ती १८७० च्या नागरी नोंदणी कायद्यानंतर.

आणि हा किल्ला आला होता आईकडून. वडील मोठे विद्वान, नवारेच्या राजाच्या परिषदेचे प्रमुख, बोलोन्याहून कायदा शिकून आलेले. पण फ्रान्सिस्कोने जे नाव जगभर नेलं ते आईच्या घराचं.

१५१२ मध्ये स्पेनच्या फौजांनी नवारे जिंकून घेतलं. १५१५ मध्ये वडील वारले. पुढच्याच वर्षी नवारेच्या लोकांनी बंड केलं, ते फसलं, आणि कार्डिनल सिस्नेरोसच्या हुकुमावरून बंडवाल्यांचे किल्ले पाडायला सुरुवात झाली. खाविएरचे बुरूज छाटले, तटबंदी पाडली, खंदक बुजवला. राहत्या खोल्या तेवढ्या शिल्लक ठेवल्या. मुलगा दहा वर्षांचा होता. दारात उभं राहून आपलं घर पाडताना बघितलं असणार त्याने.

पुढे १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या वेढ्यात स्पेनच्या बाजूने लढताना एका सरदाराच्या पायावर तोफेचा गोळा बसला. फ्रान्सिस्कोचे भाऊ त्या युद्धात विरुद्ध बाजूला होते. त्या जखमी सरदाराचं नाव इग्नेशियस, घर लोयोला. हेही जागेचंच नाव बरं का. आणि काही वर्षांनी पॅरिसच्या कॉलेजात हे दोघं रूममेट झाले. एक लोयोला घराचा, एक खाविएर घराचा. १५३४ मध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवर आणखी पाच मित्रांसोबत त्यांनी शपथ घेतली आणि त्यातून जेझुइट संघ उभा राहिला.

लिस्बन, गोवा आणि ‘श’चा ‘ख’

७ एप्रिल १५४१ ला, म्हणजे बरोबर पस्तिसाव्या वाढदिवसाला, फ्रान्सिस्को लिस्बनहून जहाजात बसला. वाटेत मोझांबिकला थांबत ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला. तेरा महिने लागले. आपण फ्लाइट तीन तास लेट झाली तर ट्वीट करतो.

गोव्यातून तो दक्षिण किनाऱ्यावर गेला, मलाक्काला गेला, मोलुक्का बेटांवर गेला. १५४९ मध्ये जपानला, कागोशिमाला उतरला. ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या दाराशी, शांगचुआन बेटावर वारला. त्याचं शरीर पुढे गोव्यात आणलं गेलं आणि आज बॉम जीझस बॅसिलिकामध्ये आहे. दर दहा वर्षांनी दर्शन असतं, मागचं २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत होतं. गोव्यातले लोक प्रेमाने त्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतात. दुसरी बाजूही आहे: गोव्यात इन्क्विझिशन आणा अशी मागणी करणारं त्याचं १५४६ चं पत्रही इतिहासात आहे, आणि त्यावरचा वाद आजही संपलेला नाही. तो एका वेगळ्या भागाचा विषय.

आपण नावाकडे येऊ. १६२२ मध्ये चर्चने त्याला संत म्हणून जाहीर केलं, आणि तिथून या नावाने वेगळंच वळण घेतलं. गावाचं नाव आडनाव झालं होतं, आता आडनावाचं पहिलं नाव झालं! लोक मुलांची नावं ‘फ्रान्सिस झेवियर’ ठेवायला लागले. मग ‘फ्रान्सिस’ही गळलं आणि नुसतं ‘झेवियर’ राहिलं. आपल्याकडे कुणी कौतुकाने मुलाचं नाव ‘तेंडुलकर’ ठेवावं, तसंच हे.

आणि प्रत्येक भाषेने आपापला उच्चार केला. जुन्या स्पॅनिशमध्ये त्या पहिल्या अक्षराचा उच्चार ‘श’ होता. सोळाव्या-सतराव्या शतकात स्पॅनिशमधला हा ‘श’ सरकत सरकत घशात गेला आणि ‘ख’ झाला. म्हणून आज स्पेनमध्ये ते गाव खाविएर आहे. डॉन किहोतेचंही तेच. फ्रेंचांनी ते नाव ‘किशोत’ असं जुन्या ‘श’सकट उचललं, स्पॅनिश लोक मात्र पुढे ‘किखोते’ म्हणायला लागले. पोर्तुगीजांनी ‘श’ सोडला नाही, म्हणून कोकणीत आजही ‘शावियेर’ ऐकू येतं. इटलीत सावेरिओ, तमिळमध्ये सवेरियार, जपानीत झाबिएरु. इंग्रजीतून आपल्याकडे आलं ते झेवियर. मुंबईत १८६९ मध्ये जर्मन जेझुइटांनी कॉलेज काढलं, त्याआधी १८६० मध्ये कोलकात्यात निघालं होतं. मल्हारला नाचणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की आपण एका ‘नव्या घरात’ नाचतोय?

आडनाव म्हणूनही ते पसरलं. ब्राझीलचा स्वातंत्र्यवीर तिरादेंतेस, ज्याला १७९२ मध्ये फाशी दिली, त्याचं खरं नाव जोआकीम जोझे दा सिल्वा शाविएर. फिलिपिन्समध्येही हे आडनाव आहे.

आणि मूळ एचेबेर्रिया? तो दुसऱ्या वाटेने अमेरिकेत गेला. मेक्सिकोचे १९७० ते १९७६ चे राष्ट्राध्यक्ष लुईस एचेवेर्रिया. बोलिव्हियाचा फुटबॉलपटू मार्को एचेवेरी. अर्जेंटिनाचा तरुण क्लाउदिओ एचेवेरी. चावारिया हेही त्याचंच एक रूप. गंमत म्हणजे बोलिव्हिया देशाचं नावही अशाच एका जागेवरून आलं. सिमोन बोलिवारचं घराणं बिस्काया भागातल्या बोलिबार गावचं. अर्थ गिरणीचं खोरं. एका अख्ख्या देशाचं नाव एका पिठाच्या गिरणीवरून!

पाच नाणी आणि साडीचोळी

आता मुख्य प्रश्न. डोंगरातल्या शेतघरांची नावं जगभर पसरली का?

मला आधी वाटलं साहस वगैरे असेल. बास्क लोक चांगले खलाशी होते, हे खरंच आहे. पण मोठं कारण घरातच होतं. घराची वाटणी करायची नाही हा तिथला नियम. आईवडील एकच वारस निवडायचे. मुलगा किंवा मुलगी, कुणीही चालेल. घर, शेत, गुरं, सगळं त्या एकाला. बाकीच्यांनी काय करायचं? चर्चमध्ये जा, सैन्यात जा, जहाजावर जा, अमेरिकेला जा. फ्रान्सिस्को शेंडेफळ होता. त्याच्यासाठी किल्ला नव्हताच. जे घर सांभाळत बसले त्यांच्यामुळे नाव टिकलं, पण ते पसरलं ज्यांना घर मिळालं नाही त्यांच्यामुळे.

नवारेच्या कायद्यात बाकीच्या मुलांचा हिस्सा कसा लिहितात माहितीये? पाच सुएल्दो, म्हणजे जुनी किरकोळ नाणी, आणि सामाईक डोंगरातला जमिनीचा एक तुकडा. प्रत्यक्षात हे कुणाला द्यायचंही नसतं. नुसतं कागदावर लिहायचं, की ‘तुला विसरलो नाही, पण तुला काही देतही नाही’.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप बंद केला. कारण त्याच आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसरं काहीतरी चालू होतं.

माझं आडनाव ‘कर’वालं आहे. गाव कोकणात, देवगडच्या बाजूला. सांगत नाही, कारण गाव इतकं छोटं आहे की तुम्ही थेट आमच्या अंगणात पोहोचाल आणि बाबा माझ्यावर चिडतील. तिथे आजोबांचं घर आहे, मागे कलमं आहेत, आणि गेली सहा वर्षं तिथे कुणी राहत नाही. गिऱ्हाईक आलं होतं. सातबाऱ्यावर तीन नावं: बाबा, काका आणि आत्या. ग्रुपवर सगळ्यांचं एकमत झालं होतं, की आत्याकडून हक्कसोडपत्र करून घेऊ, तिला एक चांगली साडी घेऊ. काका लिहितात, ‘ती कुठे नाही म्हणणार आहे.’ त्यावर पाच थम्ब्सअप. त्यातला एक माझा.

त्या ग्रुपमध्ये आत्या नाही. तिचं आडनाव वेगळं ना! ग्रुपचं नावच आमचं आडनाव आहे.

पाच सुएल्दो आणि एक साडी. फरक काय सांगा? उलट तिथे निदान मुलगी वारस होऊ शकत होती. किल्ला आईकडून आला आणि मुलाने आईच्या घराचं नाव लावलं, तर ते नाव गोव्यापर्यंत गेलं. आमच्याकडे त्या घरात बावीस वर्षं राहिलेली, विहिरीचं पाणी काढलेली, आजीचं आजारपण काढलेली बाई म्हणजे ‘बाहेरची’. आणि मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आंबे खायला जाणारा, मी मात्र त्या गावचा. का, तर माझ्या आधार कार्डावर ‘कर’ आहे म्हणून.

मी आत्याला फोन केला. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे रे, मला काय करायचंय. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “विकायचं असेल तर विका रे बाळा. पण मला विचारलं कुणी नाही.” बस, एवढंच.

मी काही हिरो वगैरे झालो नाही. मी फक्त ग्रुपवर लिहिलं, की २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, सातबाऱ्यावर तिचं नाव आहेच, आणि सहीच्या आधी तिला विचारायला हवं. आधी शांतता. मग काकांचा मेसेज, ‘इंजिनियर झालास, वकील कधी झालास?’ बाबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच आत्याला फोन केला. काय बोलले ते मला माहीत नाही. गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलंय. येत्या मे महिन्यात सगळे गावी जाणार आहोत, आत्यासकट. घर राहील की विकलं जाईल, ते तिथे पडवीत बसून ठरेल. विकलं तर तीन हिस्से.

आणि हो, आत्याला ग्रुपमध्ये ॲड केलंय. तिने पहिल्याच दिवशी सकाळी सहाला गुड मॉर्निंगचे अकरा फोटो टाकले. काका म्हणाले, यासाठी ॲड केलं का!

जाता जाता

खाविएरचा किल्ला पुढे दुरुस्त करून बांधला. आज मार्च महिन्यात नवारेचे हजारो लोक तिथे पायी चालत जातात, त्याला ‘खाविएरादा’ म्हणतात. आपल्याला वारी माहीत असल्यामुळे त्याचं वेगळं कौतुक सांगायला नको. गाव मात्र अजून छोटंसंच आहे.

आता तुमच्यासाठी होमवर्क. तुमचं आडनाव ‘कर’वालं असेल तर ते गाव नकाशावर शोधा. सापडलं तर घरातल्या मोठ्यांना विचारा, की आपण तिथून कधी आणि का निघालो. आणि हा प्रश्न बाबांना विचारलात तर आत्यालाही विचारा. तिला जास्त माहीत असतं, माझा अनुभव आहे. उत्तरं व्हॉइस नोटने पाठवा, चांगली पुढच्या भागात ऐकवू.

आणि माझ्यासारखे फॉर्म बनवणारे कुणी ऐकत असाल, तर आडनावाच्या रकान्यातून ती वीस अक्षरांची मर्यादा तेवढी काढा. एखाद्याचं अख्खं घर त्यात मावत नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!